घर घेऊन निघालेल्या आजी

मागच्या दोन बुधवारी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल आणि गटाच्या लेखापरीक्षणाबद्दल बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. जानेवारीत आमच्या विक्री केंद्रासमोर एक जुनी गाडी बंद पडली, आणि तेव्हापासून ज्या गावात बैठकीला जाते तिथे मला बचतीपेक्षा त्या गाडीबद्दलच जास्त विचारतात. कुणी म्हणतं तिच्यात संडास होता, कुणी म्हणतं विहीर होती! म्हटलं, एकदा रेडिओवरच सगळं नीट सांगून टाकावं.

आजरा ते आंबोली रस्त्याला आमच्या गटाचं छोटं विक्री केंद्र आहे. घनसाळ तांदूळ, काजूगर, नाचणीचे पापड, आणि चहा. गोव्याकडून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. घाट चढून गाडी तापते, ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी मागतो, हे आम्हाला रोजचंच. त्या दुपारी फिकट हिरव्या रंगाची, पावाच्या मोठ्या लादीसारख्या आकाराची एक गाडी खडखडत येऊन थांबली. जळक्या रबराचा वास सुटला होता. आमच्या आक्का कुणी न सांगताच कळशी घेऊन धावल्या.

गाडीतून उतरल्या एक गोऱ्या आजी. वय अडुसष्ट, हे नंतर कळलं. केस आखूड, हाताला काळं लागलेलं. स्टिअरिंग डाव्या बाजूला आणि त्याच्यावर आजी. उजवीकडे आजोबा, मांडीवर नकाशा घेऊन. आक्का पुढे बॉनेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पण बॉनेट काही सापडेना. आजी मागे गेल्या, मागचं झाकण उघडलं आणि आक्कांच्या कळशीकडे बघून हात जोडून हसल्या. त्या इंजिनात पाणी ओतायला जागाच नव्हती.

माझं इंग्रजी बी.ए.चं, तुटकं. त्यांचंही आपलं कामचलाऊच, कारण त्या जर्मन. त्यामुळे दोघींचं जमलं. त्या रात्री ते दोघं आमच्या केंद्राच्या अंगणात मुक्कामाला राहिले आणि सकाळपर्यंत मी त्यांना एवढे प्रश्न विचारले की आजोबा म्हणाले, आता ही गाडी तूच चालव. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळलेलं असं मिळून आज सांगते.

ती गाडी म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची जुनी बस. पुण्या-मुंबईत कधी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत गोल पाठीची बीटल गाडी दिसते ना, तिचीच ही बहीण. दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मनीतल्या त्या कारखान्यात कामगार बीटलचेच सुटे भाग वापरून सामान ओढायला एक उघडी गाडी बनवून वापरत होते. बेन पॉन नावाच्या हॉलंडच्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक चौकोनी डबा काढला. पुढे चालक, मागे इंजिन, मधे सगळी मोकळी जागा. त्या चित्रावरून १९५० मध्ये गाडी तयार व्हायला लागली. सुरुवातीला पाऊण टन माल न्यायची. आपल्या छोट्या हत्तीएवढाच, म्हणजे मुळात तो मालवाहू टेम्पोच. मग १९५१ मध्ये वेस्टफालिया नावाच्या, मुळात घोडागाड्या बनवणाऱ्या जुन्या कारखान्याने त्यात बसवायला घरगुती सामानाची लाकडी पेटी काढली. आठवडाभर भाजी-पाव पोचवा, आणि रविवारी पेटी आत ठेवून पोराबाळांना फिरायला न्या. त्यातूनच पुढे ओटा, पलंग, कपाट कायमचं आत बसवलेलं फिरतं घर तयार झालं. आजींची गाडी १९७३ सालची. जर्मनीतून जहाजाने मुंबईला आणलेली, आणि मुंबई बंदरापासून पुढे स्वतःच्या चाकांवर.

आता बंद का पडली ते. आपल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पाण्याने थंड होतं. पाणी इंजिनाभोवती फिरून तापतं, पुढच्या जाळीत येऊन निवतं, परत आत जातं. या जुन्या गाडीत पाणी नाही. इंजिनाच्या डोक्यावर मोठा पंखा आहे, तो वारा घालून इंजिन थंड ठेवतो. थोडं काम इंजिनातलं तेल करतं. हा पंखा एका रबरी पट्ट्यावर फिरतो आणि त्याच पट्ट्यावर वीज तयार करणारं यंत्रही फिरतं. म्हणजे पट्टा तुटला की वीज बंद आणि वाराही बंद. वीज बंद झाली की चालकासमोर लाल दिवा लागतो. नव्या माणसाला वाटतं, बॅटरीचंच काहीतरी असेल, पुढच्या गावात दाखवू. पण त्या गावापर्यंत इंजिन भाजून निघालेलं असतं. आजी म्हणाल्या, या गाडीत लाल दिवा लागला तर पुढचं गाव नसतंच, आहे तिथेच थांबायचं.

अर्धा तास इंजिन निवू दिलं. मग आसनाखालून नवा पट्टा, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. ज्या चाकावर पट्टा बसतो ते चाक दोन तव्यांसारखं असतं आणि मधे पातळ चकत्या असतात. चकत्या काढल्या-घातल्या की पट्टा घट्ट-सैल होतो. अंगठ्याने दाबल्यावर साधारण दीड सेंटीमीटर आत गेला की बरोबर. वीस मिनिटांत काम झालं. आजोबांनी तोपर्यंत आत ओट्याशी उभं राहून कांदा चिरून भात टाकला होता. आमच्या सगळ्या बायका इंजिन बघायचं सोडून आजोबांकडेच बघत होत्या, हे मला इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

त्यांचा ठरलेला नियम असा, की ज्याने गाडी चालवली त्याने स्वयंपाक करायचा नाही. मला आधी वाटलं ही गंमत आहे. पण आजी म्हणाल्या, सुट्टीवर निघताना घर बरोबर घेतलं तर घरकामही बरोबर येतं. पहिल्या प्रवासात त्यांनीच गाडी चालवली, त्यांनीच रांधलं, त्यांनीच अंथरुणं घातली. आणि परत आल्यावर आठ दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. दुसऱ्या प्रवासाच्या आधी दोघांनी वहीत कामं लिहून काढली. ती वही मी पाहिली. भाषा कळली नाही, पण दोन रकाने होते आणि दोन्ही भरलेले होते.

आणखी एक. पेट्रोल पंपावर, गॅरेजवर लोक इंजिनाबद्दल बोलायला आजोबांपाशी जातात, आणि आजोबा मुकाट्याने आजींकडे बोट दाखवतात. हे ऐकून आमची टेम्पो चालवणारी वैनी एवढी खूश झाली! तिलाही दर खेपेला पंपावर विचारतात, ‘ड्रायव्हर कुठं गेलाय?’

आजींना गाडीचं वेड कुठून लागलं, तर त्यांच्या मोठ्या बहिणीकडून. ती १९७७ साली अशाच गाडीतून मैत्रिणीबरोबर जर्मनीहून गोव्याला आली होती. विमानाने नाही, जहाजाने नाही, रस्त्याने. तेव्हा असा रस्ता होता आणि त्यावरून हजारो तरुण मुलं-मुली येत होती. आपल्याकडे त्यांना सरसकट हिप्पी म्हणत. युगोस्लाव्हियातून तुर्कस्तानातल्या इस्तंबूलला यायचं. तिथली सामुद्रधुनी ओलांडायला आधी गाडी बोटीत चढवावी लागे, १९७३ मध्ये मोठा पूल झाला. इस्तंबूलमध्ये एका खानावळीत भिंतीवर फळा होता. कुणाला सोबत हवी, कुणाच्या गाडीत जागा आहे, कुणाचा निरोप, अशा चिठ्ठ्या त्यावर लावलेल्या असत. पुढे इराणातलं तेहरान, मशहद. मग अफगाणिस्तानात हेरात, कंदाहार, काबूल. हेरात ते कंदाहार रस्ता रशियाने बांधून दिलेला, कंदाहार ते काबूल अमेरिकेने; दोघांचं आपसात वैर, पण गाड्यांना दोन्ही चांगले. नंतर खैबर खिंड, पेशावर, लाहोर, वाघा आणि अमृतसर. तिथून दिल्ली आणि खाली गोवा. सगळं मिळून जवळजवळ दहा हजार किलोमीटर.

गोव्यातल्या हणजुण्याला, ज्याला पर्यटक अंजुना म्हणतात, बुधवारी मोठा बाजार भरतो. तुमच्यातल्या काहीजणींनी तो पाहिलाही असेल. तो याच लोकांनी सुरू केला. पैसे संपले की घड्याळ, कॅमेरा, कपडे विकायचे आणि परतीची सोय करायची.

मग गाडीच का नाही विकायची? मीही हेच विचारलं. त्याचं उत्तर आपल्या गटातल्या बायकांना चटकन कळेल. परदेशी गाडी आपल्या देशात आणायची तर सीमेवर जबर कर भरावा लागतो. फिरायला आलेल्या माणसाने तो भरू नये म्हणून एक पुस्तिका मिळते, तिला कार्ने म्हणतात. गाडीवाल्याच्या देशातली मोटार संघटना जामीन राहते की ही गाडी परत जाईल. त्यासाठी ती मालकाकडून अनामत ठेवून घेते. गाडी देशात शिरली की पुस्तिकेवर शिक्का, बाहेर पडली की दुसरा शिक्का. दुसरा शिक्का नसेल तर कर जामीनदाराकडून वसूल, आणि जामीनदार तो मालकाकडून काढणार. आपल्या गटात एकीने हप्ता थकवला की काय होतं, तेच. म्हणून बहिणीला ती गाडी हजारो किलोमीटर परत चालवत न्यावीच लागली. आजींच्या गाडीच्या काचेमागच्या पिशवीतही तशी पुस्तिका आहे, शिक्के मारलेली.

बहीण परत गेली आणि दोन वर्षांत तो रस्ताच संपला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या.

बायकांनी त्या बाजूने गाडी चालवत जाणं मात्र त्याहूनही जुनं आहे. १९३९ साली एला मायार आणि आनेमारी श्वार्झेनबाख या स्वित्झर्लंडच्या दोघीजणी फोर्ड गाडी घेऊन जिनिव्हाहून निघाल्या आणि काबूलला पोचल्या. एला तिथून पुढे भारतात आली आणि महायुद्धाची वर्षं तिने दक्षिण भारतात काढली. मी ही गोष्ट घरी सांगितली तर सासूबाई म्हणाल्या, ‘त्या साली माझी आई दळणाला शेजारच्या गावी जायची तर सोबत दीर लागायचा.’

आता गाडीच्या आत येऊ. मापं ऐका. आतली जागा आपल्या चुलीच्या खोलीपेक्षाही लहान. छप्पर वर उचलता येतं, तेव्हा उभं राहता येतं. बंद केलं की वाकून. बसायचं बाकडं पुढे ओढून आडवं केलं की पलंग. त्याच्या बाजूला हातभर ओटा, त्यात लहान बेसिन, आणि खाली पाण्याची टाकी. टाकी तीस लिटरची, म्हणजे आपले दोन हंडे. दोन माणसं, दोन हंडे, दोन दिवस.

मी विचारलं, मोठी टाकी का नाही बसवली? आजींनी वजनाचा हिशोब सांगितला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे जणू दीड-दोन माणसं सतत उभीच गाडीत. त्या गाडीने माणसं, सामान, लाकडी कपाटं सगळं धरून साधारण एक टनच न्यावं. जास्त भरलं की घाटात इंजिन तापतं, उतारावर ब्रेक तापतात आणि पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच. शिवाय जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्यावर ठेवायची. वर कपाटात डबे भरले तर वळणावर गाडी झुकते. आपण डोक्यावर दोन हंडे घेतो तेव्हा मोठा खाली, लहान वर ठेवतो. यात शिकवण्यासारखं आपल्याला काही नाही, फक्त टेम्पो भरताना आपण हे विसरतो.

पाणी नळाने नाही, तर पायाने दाबायच्या पंपाने येतं. पाय काढला की पाणी बंद, त्यामुळे एक थेंब उगाच वाहत नाही. जेवण झाल्यावर ताटं आधी कागदाने पुसतात, मगच वाटीभर पाण्यात धुतात. तेच पाणी बादलीत साठवतात आणि झाडाला घालतात, रस्त्यावर सोडत नाहीत. आक्का हे सगळं बघून म्हणाल्या, ‘म्हणजे मे महिन्यात आपण करतो तेच की!’ मी इंग्रजीत सांगितलं तर आजींनी टिपून घेतलं.

गॅसबद्दल नीट लक्ष द्या, कारण ही चूक आपल्याकडेही होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून त्या गाडीत टाकी वेगळ्या बंद कप्प्यात आहे आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक आहे, थेट रस्त्याकडे उघडणारं. गाडी चालू असताना टाकीचा खटका बंदच असतो, कारण खडखडाटाने नळीचा सांधा सैल होऊ शकतो. आणि दुसरं, जे जास्त घातक आहे. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची घमेली पेटवून कधीही झोपू नये. त्याच्या धुराला वास नसला तरी त्यात विषारी वायू असतो. माणूस झोपेतच जातो, त्याला जाग येत नाही. आमच्या आंबोली भागात जानेवारीत कडक गारठा असतो. आजी-आजोबा रजया घेऊन, खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपले.

आता संडासाची गोष्ट. तुम्ही सगळ्या याचीच वाट बघत होतात हे मला माहीत आहे.

त्या काळच्या या लहान गाड्यांत संडास नसायचा. आजींनी बाकड्याखाली एक डबा ठेवला आहे, झाकणाचा, बैठक असलेला. तो रात्रीपुरता आणि अडचणीपुरता. रोज सकाळी योग्य जागी रिकामा करायचा, धुवायचा. पण त्या म्हणाल्या की दिवसाचा बेत आखताना त्या पहिल्यांदा देवळं, किल्ले, समुद्र बघत नाहीत. पहिल्यांदा बघतात ते आज कुठेकुठे जाता येईल ते. पेट्रोल पंप, हॉटेल, बस स्थानक, नकाशावर खुणा करतात. दर दोन तासांनी थांबा. लाज वाटून घ्यायची नाही, विचारायचं. आणि पाणी भरपूर प्यायचं.

हे ऐकताना आमच्यातल्या कुणी कुणाकडे बघेना. कारण मागच्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनाला आम्ही टेम्पोने माल घेऊन गेलो, तेव्हा आमच्यातल्या पाचजणींनी पहाटे चारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. का, तर वाटेत जायला कुठे मिळणार? हे आपल्यात ठरलेलंच असतं ना. एसटीने तालुक्याला जायचं असलं तरी आपण सकाळचा चहासुद्धा अर्धा पितो. तिसऱ्या दिवशी आमची वैनी तापाने फणफणली, लघवीला आग, कंबरेत कळ. डॉक्टरांनी सांगितलं, कमी पाणी आणि दिवसभर लघवी रोखून धरणं, दोन्हीने जंतुसंसर्ग होतो, आणि तो वर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. औषधाला आणि परतीच्या गाडीला जे पैसे गेले, ते आम्ही त्या प्रदर्शनात पापडांवर कमावलेल्या नफ्यापेक्षा जास्त होते. मी हिशोब मांडला तेव्हा तो खर्च ‘इतर’ या रकान्यात घातला. आता वाटतं, तो रकाना मी चुकीचा निवडला.

त्याच प्रवासात आम्ही आणखी एक चूक केली, तीही सांगून टाकते. पुढे दोघी बसल्या आणि बाकीच्या मागे मालाबरोबर. मालवाहू गाडीत मागे माणसं नेणं कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायचे वांधे होतात. आजींची गाडी बघून लगेच एका गटाने मला विचारलं की आपल्या टेम्पोत बाकडं आणि ओटा बसवून घेऊ का. तर, नाही. नोंदणीच्या पुस्तकात गाडी जशी आहे त्यापेक्षा वेगळी करायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी आरटीओची परवानगी लागते. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने बसवून दिलं म्हणजे झालं असं नाही. ज्यांना असं फिरायचंच असेल, त्यांच्यासाठी फिरती घरं भाड्याने मिळतात, आणि आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे.

घाटाबद्दल. चढताना इंजिन तापतं हे सगळ्यांना दिसतं, पण जुनी गाडी धोक्यात येते ती उतरताना. सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि शेवटी पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. ब्रेकचं तेलही जुनं झालं की हवेतली ओल शोषून घेतं आणि तापल्यावर उकळतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं. आजींचं सूत्र सोपं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक मधेमधे दाबून सोडायचा, दाबून धरायचा नाही. आमची वैनी हे आधीपासूनच करते. तिला ते तिच्या वडिलांनी शिकवलं, ते बैलगाडी हाकायचे.

ब्रेकवरून आठवलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, हे मला या निमित्ताने वाचायला मिळालं. बर्था बेन्झ. तिच्या नवऱ्याने मोटार तयार केली होती, पण ती कुणी घेईना. १९८८ नव्हे, १८८८ बरं का! ऑगस्ट महिन्यात बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती मोटार घेऊन शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं, कारण पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं.

खर्चाचं विचारलंत, तर तो कमी नाही. ही गाडी एका लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाते. दिवसाला अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त ते चालवत नाहीत, तरी पेट्रोलचेच तीन हजाराच्या जवळपास होतात. वर दर पाच हजार किलोमीटरला अडीच लिटर इंजिन तेल, आणि तेव्हाच झडपांची तपासणी. राहण्याचे पैसे वाचतात, पण पेट्रोलमध्ये जातात. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, आणि इंजिन मागे गरम असल्यामुळे पेट्रोल ठिबकलं की आग. अशा बऱ्याच गाड्या त्याच एका कारणाने जळून गेल्या आहेत. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी आजी मागचं झाकण उघडून आधी वास घेतात, मग नळ्यांवरून बोट फिरवतात, मग तेल बघतात. संध्याकाळी चारनंतर गाडी चालवायची नाही, अंधारात तर अजिबात नाही. आणि स्टिअरिंग डावीकडे असल्याने पुढच्या ट्रकला ओलांडताना आजींना समोरचं दिसत नाही. आजोबा उजवीकडून बघतात आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आता कुठे माझं ऐकायला लागली, असं आजोबांचं म्हणणं.

सकाळी निघताना आजींनी चाकांना एक फेरी मारली. टायरच्या बाजूवर खूप अक्षरं-आकडे असतात. त्यात शेवटी एक चार आकडी संख्या लंबगोलात असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वयाने सुकतं आणि वेगात फुटतं. सहा-सात वर्षांपुढचा टायर असला की त्या नक्षीवर विश्वास ठेवत नाहीत. दुचाकीच्या टायरवरही ही संख्या असते. आज घरी गेलात की बघा.

त्यांनी दोन किलो घनसाळ घेतला, भाव केला नाही. मुक्कामाचे पैसे देत होत्या, आक्कांनी घेतले नाहीत. मग आजोबांनी आमच्या केंद्राचा झाडू घेऊन अंगण झाडून दिलं. गाडी आजऱ्याच्या दिशेने गेली. तिचा आवाज बराच वेळ येत होता.

त्यानंतर वैनी मोबाइलचा टॉर्च घेऊन आमच्या टेम्पोखाली शिरली. पुढचे दोन टायर ठीक निघाले. मागच्या दोन्हींवर संख्या होती ०९१४. टेम्पो आम्ही जुना घेतलेला, टायर काळे चकचकीत होते म्हणून कुणाला शंका आली नाही. त्याच टायरवर आम्ही मुंबईला जाऊन आलो होतो, मागे माणसं बसवून.

पुढच्या बैठकीत वाद झाला, खोटं कशाला सांगू. शिल्लक पैसे पापडाच्या पॅकिंग मशीनसाठी ठेवलेले होते आणि दोघींचं म्हणणं होतं की टायर अजून वर्षभर चालतील. दीड तास चर्चा झाली. शेवटी आक्कांनी ठराव लिहिला, त्यांच्या अक्षरात आहे. मागचे दोन टायर नवे घेणे. ब्रेकचं तेल बदलणे. बाहेरगावी जाताना माल टेम्पोत आणि जास्तीच्या बायका एसटीने, तिकीट गटाच्या खर्चात. दर दोन तासांनी थांबणे. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती म्हणून कडेला उभी ओळ: पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन एक, निघताना भरून, परत येताना रिकामा.